कैद्याचं मत

पुण्याहून नोकरीसाठी स्लाउला गेलेलं एखादं मराठी जोडपं डोळ्यांसमोर आणा. घरातली खोकी अजून पुरती उघडलेली नाहीत, मुलांना शाळा नुकती मिळाली आहे, पासपोर्ट भारताचा आहे आणि व्हिसा मोजक्या वर्षांचा. तरीही या दोघांना ब्रिटनच्या संसदेसाठी मत देता येतं. भारत राष्ट्रकुलात आहे, आणि राष्ट्रकुल देशांचे नागरिक कायदेशीर परवानगीनं तिथे राहत असले तर त्यांना मतदारयादीत नाव घालता येतं. मतदान गुरुवारी असतं, सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत. गल्लीतल्या शाळेत किंवा चर्चच्या सभागृहात जायचं, आडोशाला उभं राहायचं, तिथे ठेवलेली पेन्सिल घ्यायची, उमेदवाराच्या नावापुढे फुली मारायची आणि कागदाची घडी घालून पेटीत टाकायची. बोटाला शाई लागत नाही. पण घरी परतताना हा देश थोडासा आपलाही आहे असं वाटतं, आणि ते वाटणं खोटं नसतं.

त्याच गुरुवारी दक्षिण लंडनमधल्या वॉन्ड्सवर्थ तुरुंगात एखादा माणूस दुकानातल्या चोरीबद्दल दोन महिन्यांची शिक्षा भोगत असतो. तो जन्मानं ब्रिटिश, त्याचे आजोबा-पणजोबाही तिथलेच. सुटल्यावर तो त्याच गल्लीत राहणार आहे, त्याच सरकारला कर भरणार आहे. त्याला मात्र ती पेन्सिल हातात घेता येत नाही. १९८३ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं तिसरं कलम सांगतं की दोषी ठरून तुरुंगात असलेल्या माणसाला मतदानाचा कायदेशीर अधिकार नाही. गुन्हा कोणता आणि शिक्षा किती, हे ते कलम विचारत नाही.

हा नियम योग्य आहे का, यावर ब्रिटनमध्ये वीसेक वर्षं इतकं मोठं भांडण झालं की त्यात पंतप्रधान, देशाचं सर्वोच्च न्यायालय आणि स्ट्रासबर्गचं युरोपीय मानवाधिकार न्यायालय असे सगळे ओढले गेले. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. सरसकट बंदी चुकीची आहे. पण समोरच्यांची बाजू हलकी नाही, आणि ती हलकी करून मांडली तर हे भांडण कशावरून होतं तेच कळणार नाही.

ज्या माणसाच्या नावानं या भांडणातला मुख्य खटला ओळखला जातो, त्याच्यापासूनच ती बाजू समजून घेऊ. जॉन हर्स्टनं १९७९ साली आपल्या घरमालकिणीला कुऱ्हाडीनं मारलं. मानसिक स्थितीमुळे त्याची जबाबदारी कमी धरली गेली, म्हणून न्यायालयानं खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा मानला आणि त्याला जन्मठेप दिली. शिक्षा म्हणून ठरवलेली पंधरा वर्षं १९९४ मध्ये संपली. त्यानंतर तो समाजाला धोकादायक आहे का, एवढ्याच प्रश्नावर त्याला आत ठेवलेलं होतं. आत असताना त्यानं कायद्याची पुस्तकं वाचली, तुरुंगाच्या कारभाराविरुद्ध अर्जामागून अर्ज केले, आणि शेवटी मतदानाच्या हक्कासाठी दावा लावला.

मेलेल्या बाईच्या नातेवाइकांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. ज्या हातानं कुऱ्हाड उगारली त्या हाताला सरकारनं मतपत्रिका द्यावी, ही मागणी ऐकून त्यांच्या पोटात काय ढवळून निघालं असेल? ‘जो कायदा मोडतो त्याला कायदा करणाऱ्यांना निवडण्याचा हक्क कशाला?’ हा प्रश्न कोणत्याही गावच्या पारावर विचारला जाईल, आणि विचारणारा निर्दय असेलच असं नाही. मात्र हक्कांचे खटले बहुधा अशीच माणसं लढतात, ज्यांच्याबद्दल कोणाला माया नसते. सज्जन माणसाचा हक्क काढून घ्यायला सरकार सहसा धजत नाही, त्यामुळे हक्काची कसोटी सज्जन माणसावर लागतच नाही.

लंडनच्या उच्च न्यायालयानं २००१ मध्ये हर्स्टचा दावा फेटाळला. तो स्ट्रासबर्गला गेला. तिथल्या मोठ्या पीठानं ६ ऑक्टोबर २००५ रोजी बारा विरुद्ध पाच मतांनी त्याच्या बाजूनं निकाल दिला. या निकालाबद्दल पुढे इतकी आरडाओरड झाली की तो नेमका काय होता हे बहुतेकांच्या लक्षातच राहिलं नाही. प्रत्येक कैद्याला मत द्या, असं न्यायालय म्हणालं नाही. मतदानावर बंधन घालायचा अधिकार राज्याला आहे, हे त्यानं मान्यच केलं. त्याचा आक्षेप एवढाच होता की एक दिवसाच्या शिक्षेपासून जन्मठेपेपर्यंत, किरकोळ चोरीपासून खुनापर्यंत सगळ्यांना एकाच झाडूनं झाडून टाकणारी, आपोआप लागू होणारी बंदी तारतम्याची नाही. त्या काळी अशा कैद्यांची संख्या सुमारे ४८ हजार होती. आणखी एक गोष्ट न्यायाधीशांच्या नजरेस आली. ही बंदी घालताना संसदेनं कधी तिचा नीट विचार केल्याचं दिसत नव्हतं.

आणि ते खरंच होतं. या बंदीचा इतिहास पाहिला तर ठरवून घेतलेला निर्णय फारसा सापडत नाही. जुन्या इंग्लंडमध्ये मोठ्या गुन्ह्यासाठी दोषी ठरलेला माणूस कायद्याच्या दृष्टीनं मेल्यातच जमा असे. त्याची जमीन, चीजवस्तू सगळं जप्त होई. १८७० च्या कायद्यानं ती जप्ती थांबवली, पण मोठ्या गुन्ह्यासाठी बारा महिन्यांहून अधिक शिक्षा झालेल्यांचा मताधिकार शिक्षा पुरी होईपर्यंत काढून घेतला. १९६७ मध्ये मोठा गुन्हा आणि लहान गुन्हा हा जुना भेदच कायद्यातून गेला, आणि त्याबरोबर त्या भेदावर टेकलेली अपात्रताही गळून पडली. मग १९६८ मध्ये सर्वपक्षीय समितीनं दोषी कैद्याला मत नसावं अशी एकमुखी शिफारस केली, आणि १९६९ च्या कायद्यानं बंदी परत आणली. या वेळी बारा महिन्यांची मर्यादाही गेली. म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळचा कायदा जेवढा कडक होता, त्याहून विसाव्या शतकातला अधिक कडक झाला.

यानंतर आयर्लंडमध्ये जे घडलं ते या प्रश्नाच्या गाभ्याशी नेतं. ९ एप्रिल १९८१ रोजी उत्तर आयर्लंडमधल्या फर्मनॅ आणि साउथ टिरोन मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. बॉबी सँड्स हा आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेचा कैदी शस्त्रं बाळगल्याबद्दल चौदा वर्षांची शिक्षा भोगत मेझ तुरुंगात होता आणि उपोषणाला बसला होता. तो उभा राहिला आणि तीस हजारांहून अधिक मतं मिळवून निवडून आला. तीस हजार माणसांनी त्याला मत दिलं, पण त्याला स्वतःला देता येत नव्हतं. ५ मे रोजी उपोषणाच्या सहासष्टाव्या दिवशी तो गेला, तेव्हा तो ब्रिटिश संसदेचा सदस्य होता. त्यानंतर सरकारनं घाईघाईनं कायदा केला की एक वर्षाहून अधिक शिक्षा भोगणाऱ्याला संसदेत जाता येणार नाही.

एक वर्षाहून अधिक, हे शब्द पुन्हा वाचा. म्हणजे सहा महिन्यांची शिक्षा झालेला माणूस तुरुंगातून निवडणूक लढवू शकतो, जिंकू शकतो, खासदार म्हणून राहू शकतो. मत मात्र देऊ शकत नाही. ही नुसती कागदावरची गंमत नव्हे. पीटरबरोच्या खासदार फियोना ओनासान्या यांना वेगमर्यादा मोडल्याच्या प्रकरणात पोलिसांशी खोटं बोलल्याबद्दल जानेवारी २०१९ मध्ये तीन महिन्यांची शिक्षा झाली. त्या सुमारे चार आठवडे आत राहिल्या. त्या काळात त्या खासदार होत्या, पण निवडणूक लागली असती तर त्यांना मत देता आलं नसतं. बाहेर आल्यावर, पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा असतानाच, एप्रिलमध्ये त्यांनी ब्रेक्झिटबद्दलच्या एका विधेयकावर संसदेत मतदान केलं, आणि ते विधेयक एका मतानं मंजूर झालं. मे महिन्यात पीटरबरोच्या मतदारांनीच त्यांना परत बोलावलं. त्यासाठी मतदारसंघातल्या एक दशांश लोकांच्या सह्या लागतात. चौथ्या हिश्शाहून जास्त लोकांनी सही केली. गुन्हा करणाऱ्या प्रतिनिधीला काय शिक्षा द्यायची हे मतदारांनी स्वतः ठरवलं, आणि ते मला योग्य वाटतं. पण जो देश कैद्याला कायदे करू देतो, तोच देश कायदे करणारा निवडायला कैदी नालायक आहे असं म्हणतो तेव्हा त्याचं कारण सांगता यायला हवं.

स्ट्रासबर्गच्या निकालानंतरची बारा वर्षं ब्रिटननं टाळाटाळीत काढली. सरकारं सल्लामसलतीची पत्रकं काढत राहिली. नोव्हेंबर २०१० मध्ये न्यायालयानं पुन्हा बजावलं की सहा महिन्यांत विधेयक आणा. त्याच महिन्यात पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन संसदेत म्हणाले की कैद्यांना मत द्यावं लागेल या नुसत्या विचारानं मला मळमळतं. १० फेब्रुवारी २०११ रोजी हाउस ऑफ कॉमन्सनं २३४ विरुद्ध २२ मतांनी सांगून टाकलं की बंदी आहे तशीच राहील. ठराव मांडणारे दोघं होते. एक हुजूर पक्षाचे डेव्हिड डेव्हिस, आणि दुसरे मजूर पक्षाचे जॅक स्ट्रॉ, ज्यांच्या गृहमंत्रिपदाच्या काळात मानवी हक्क कायदा मंजूर झाला होता.

त्या दिवशीचं भांडण कैद्यांपुरतं नव्हतं. आमचे कायदे कोण करणार, आम्ही निवडलेली संसद की परदेशात बसलेले न्यायाधीश? हा प्रश्न त्यात होता आणि तो खरा प्रश्न आहे. कोणत्याही स्वाभिमानी देशाला तो पडेल. पण त्या न्यायालयाचा करार ब्रिटननं स्वतः, स्वतःच्या हातानं सही करून स्वीकारला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तो लिहिण्यात ब्रिटिश कायदेपंडितांचा मोठा वाटा होता. दिलेला शब्द अडचणीचा झाला म्हणून मोडायचा, असं एखाद्या कैद्यानं केलं तर आपण त्याला काय म्हणू?

आता आकड्यांकडे या, कारण भीती बरीचशी आकड्यांच्या अज्ञानातून येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये तुरुंगात ८५ हजारांच्या आसपास माणसं असतात, आणि त्यांतली बरीच खटला चालू असलेली, म्हणजे आपल्या भाषेत कच्चे कैदी. सबंध ब्रिटनच्या मतदारयादीत चार कोटी ऐंशी लाखांच्या आसपास नावं आहेत. सगळ्या कैद्यांना मत दिलं आणि ज्या गावचा जो, त्या गावात ते मोजलं, तर एका मतदारसंघाच्या वाट्याला सरासरी दीडशेच्या आसपास मतं येतात. तुरुंगाच्या गावातली निवडणूक कैदीच ठरवतील ही भीती म्हणून खोटी ठरते. मत तुरुंगाच्या पत्त्यावर मोजायचं कारणच नाही.

बंदीची मनमानी कशी चालते हे तारखांवरून सर्वांत स्पष्ट दिसतं. ब्रिटनमध्ये गेल्या दोन सार्वत्रिक निवडणुका १२ डिसेंबर २०१९ आणि ४ जुलै २०२४ या दिवशी झाल्या. समजा, एकाला जानेवारी २०२० मध्ये घरफोडीबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली. तिथल्या तेव्हाच्या रीतीप्रमाणे अशा गुन्ह्यात निम्मी शिक्षा आत काढून माणूस बाकीची अटींवर बाहेर काढत असे. तो २०२२ च्या मध्यात बाहेर आला. अटींवर बाहेर असलेल्याला मत देता येतं, म्हणून त्याची संसदेची एकही निवडणूक हुकली नाही. दुसऱ्याला १० जून २०२४ रोजी दोन महिन्यांची शिक्षा झाली. निम्मी, म्हणजे महिनाभर आत. ४ जुलैला तो आतच होता, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत, कदाचित पाच वर्षं, आपल्या खासदाराच्या निवडीत त्याचा हात नाही. मोठ्या गुन्हेगाराचं मत शाबूत, छोट्याचं गेलं. शिक्षा देताना न्यायाधीश याबद्दल एक शब्दही बोलले नव्हते. ज्या शिक्षेचं मोजमाप कॅलेंडर करतं, तिला न्याय म्हणवत नाही.

याहून मोठं कारण इतिहासात आहे. गुन्हा म्हणजे काय हे त्या त्या काळचं राज्य ठरवतं. होलोवे तुरुंगात एमेलिन पँखर्स्ट आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी शिक्षा भोगल्या त्या मताधिकाराच्याच लढ्यात. पहिल्या महायुद्धात सदसद्विवेकानं लढायला नकार देणाऱ्या पुरुषांचं मत १९१८ च्या कायद्यानं युद्धानंतर पाच वर्षांसाठी काढून घेतलं, तेही स्त्रियांना पहिल्यांदा मत देणाऱ्या त्याच कायद्यानं. १९६७ पर्यंत इंग्लंडमध्ये दोन पुरुषांचं प्रेम हा गुन्हा होता, आणि त्यासाठी माणसं तुरुंगात जात होती. आपल्याला तर हे वेगळं सांगायलाच नको. लोकमान्य टिळक मुंबई कायदे मंडळाचे सदस्य होते आणि १८९७ मध्ये राजद्रोहासाठी त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मराठी घरांत कोणाच्या चरित्रात ‘तुरुंगवास भोगला’ असं वाक्य आलं की वाचणाऱ्याची मान ताठ होते. जे राज्य गुन्हा ठरवतं त्याच राज्याला, ज्यांना गुन्हेगार ठरवलं त्यांची नावं मतदारयादीतून पुसण्याची मुभा मिळाली, तर तो कायदा बदला असं मतपेटीतून म्हणणारे तेवढेच कमी होतात.

दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयानं १९९९ मध्ये कैद्यांना मतदानाची सोय करून द्या असा आदेश दिला. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती आल्बी सॅक्स स्वतः वर्णद्वेषी राजवटीत खटल्याविना कोठडीत राहिलेले. १९८८ मध्ये मापुटोत त्यांच्या गाडीत बाँब फुटला आणि त्यांचा उजवा हात गेला. मत देणं म्हणजे आपणही जमेत धरलेले आहोत हे कळणं, असा त्यांच्या निकालाचा आशय आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमतानं तोच मार्ग धरला. आयर्लंडची गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. कैद्यांसाठी मतदानाची सोय करायला सरकार बांधील नाही, असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होता. तरीही २००६ मध्ये तिथल्या संसदेनं आपण होऊन कैद्यांना टपालानं मत द्यायची सोय केली. त्यानं देश बुडाला नाही.

ब्रिटनमध्ये शेवटी काय झालं? २ नोव्हेंबर २०१७ रोजी न्यायमंत्री डेव्हिड लिडिंग्टन यांनी तोडगा जाहीर केला. आपल्याकडे कैद्याला संचित रजा मिळते, तशी तिथे काही कैद्यांना तात्पुरती सुट्टी मिळते. कोणी दिवसा कामावर जाऊन रात्री परत येतो. अशा सुट्टीवर असलेल्यांना आणि घरीच नजरकैदेत असलेल्यांना मत देता येईल, इतकंच. कायद्यातलं एक अक्षरही बदललं नाही, लाभ झाला तो मूठभरांना. स्ट्रासबर्गच्या निकालांच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणाऱ्या समितीनं तेवढ्यावर समाधान मानून २०१८ च्या डिसेंबरमध्ये प्रकरण बंद केलं. हर्स्ट मोठ्या पीठाचा निकाल लागायच्या आधीच, २००४ मध्ये, सुटला होता. म्हणजे निकालाच्या दिवशी मत द्यायला तो पात्र होता. कैद्यांना त्या साऱ्या वर्षांत भरपाईचा एक पौंडही न्यायालयानं दिला नाही. या लढाईत पैसा नव्हताच.

स्कॉटलंड मात्र पुढे गेलं. २०२० च्या कायद्यानं बारा महिने किंवा कमी शिक्षा झालेल्यांना स्कॉटिश संसद आणि स्थानिक निवडणुकांत मत मिळालं. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये शेटलंड बेटांच्या पोटनिवडणुकीत हा बदल प्रथम अमलात आला होता. मताधिकार बदलायला तिथल्या संसदेत दोन तृतीयांश बहुमत लागतं, म्हणजे एका पक्षाच्या लहरीनं हे झालं नाही. आज ग्लासगोतल्या अशा कैद्याला एडिनबरोच्या संसदेसाठी मत आहे, लंडनच्या संसदेसाठी नाही.

मला विचाराल तर बारा महिन्यांची ही रेषासुद्धा अर्धीच वाट आहे. मत काढून घ्यायचंच असेल तर न्यायाधीशानं शिक्षा सुनावताना तोंडानं सांगावं, कारण द्यावं आणि मुदत ठरवावी. मतं विकत घेणाऱ्याचं, मतपेटी पळवणाऱ्याचं मत गेलं तर कोणाची तक्रार असणार नाही. तिथे गुन्ह्याचा आणि शिक्षेचा संबंध सरळ आहे. पण दुकानातून मांसाचं पाकीट उचलणाऱ्याचं मत कशासाठी जावं, हे मला अजून कोणी समजावून दिलेलं नाही.

हे सगळं साता समुद्रापलीकडचं वाटत असेल तर आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२(५) वाचा. आपल्याकडे तुरुंगात असलेल्या कोणालाच मत नाही. सिद्धदोष बंद्याला नाही आणि ज्याचा खटला अजून उभाही राहिलेला नाही अशा न्यायबंद्यालाही नाही. अगदी पोलीस कोठडीतल्यालाही नाही. अपवाद फक्त प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्यांचा. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे कलम उचलून धरलं. इकडेही खटला चालू असलेल्या कैद्याला निवडणुकीला उभं राहायला आडकाठी नाही. १९७७ मध्ये जॉर्ज फर्नांडिस तुरुंगातूनच मुझफ्फरपूरला निवडून आले होते. जून २०२२ मध्ये अनिल देशमुख आणि नवाब मलिक हे दोन आमदार कोठडीत होते, दोघांचेही खटले चालू होते. राज्यसभेसाठी आणि मग विधान परिषदेसाठी मत देऊ द्या म्हणून त्यांनी न्यायालयाची दारं ठोठावली, आणि याच कलमावर बोट ठेवून त्यांना नकार मिळाला. विधान परिषदेचं ते मतदान २० जूनला झालं, आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे बंड करून सुरतेकडे निघाले. वर्तमानपत्रांनी साहजिकच सुरतेची बातमी धरली, आणि कच्च्या कैद्याचं मत हा विषय बाजूला पडला.

त्या दोघांकडे निदान वकील होते. दोषी ठरूनही जामिनावर बाहेर असलेला माणूस आपल्याकडे खुशाल मत देतो. जामिनाला जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहिलेला, अजून निर्दोष मानलेला मजूर देऊ शकत नाही. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यांतली दर चारांतली तीन अशी कच्ची होती. ब्रिटनमध्ये कच्च्या कैद्याचा मतदानाचा मार्ग २००० सालच्या कायद्यानं मोकळा झाला. येरवड्यातल्या कच्च्या कैद्याला अजून मत नाही.